मागल्या छपरातली चूल

१

थंडी पडली की गोबरगॅस बसतो. टाकी बांधून देणाऱ्या मिस्त्रीनं बाकी सगळं सांगितलं होतं, शेण किती, पाणी किती, ढवळायचं कसं. एवढं मात्र सोयीनं गाळलं होतं. मार्गशीर्षाचा गारठा सुटला की टाकीतलं शेण आळसावतं, शेगडीवरची निळी ज्योत चिमूटभर उरते, आणि शेळगावातल्या ज्या बाया वर्षभर 'आमच्याकडं गॅस हाय' म्हणून मिरवतात, त्या निमूट लाकडं फोडायला बसतात.

पंच्याण्णव सालच्या त्या आठवड्यात सारजाच्या शेगडीनंही मान टाकली. चहाला उकळी यायला अर्धा तास लागला, तेव्हा तिनं शेगडीला दोन शेलक्या शिव्या हासडल्या आणि मागल्या छपराची कडी काढली.

छप्पर म्हणजे गोठ्याला लागून उभं केलेलं पत्र्याचं शेड. चैत्रात सासू गेली, त्यानंतर तिथं कुणी फिरकलं नव्हतं. कोळ्यांनी संसार थाटले होते, एका कोपऱ्यात कोंबडीनं गुपचूप पाच अंडी घालून ठेवली होती. मधोमध तीन दगडांची, मातीनं लिंपलेली चूल, आणि पलीकडच्या भिंतीशी आंघोळीची फरशी. सारजानं जाळ्या झाडल्या, राख काढली, चुलीला पोतेरं दिलं, हळदकुंकवाची बोटं ओढली. हंगामाची पहिली चूल पेटवायला तिला मनातून आवडायचं. एका काडीत पेटवायची ही तिची मिजास होती आणि सासूनंही, म्हणजे साखरबाईनं, तिचं कधी कौतुक केलं असेल तर ते याच एका गोष्टीचं.

तूरकाट्या खाली, वर बाभळीची ढलपी. एक काडी. जाळ भसकन वर आला.

"पेटली!" लाकडांच्या ढिगावर बसून गूळभाकरी खाणारी छकुली ओरडली. सारजाची ही एकुलती एक लेक, चार वर्षांची. थंडीचं निमित्त करून दोन दिवस तिनं आंघोळ चुकवली होती. आज तिची सुटका नव्हती. सारजानं हंडा चुलीवर चढवला आणि ती घरात भाकरीचं पीठ मळायला गेली.

अर्ध्या तासानं येऊन पाण्यात बोट घातलं, तर पाणी गार.

तिनं आणखी दोन लाकडं सारली. गोठा झाडून आली. जाळ पत्र्याला लागेल की काय इतका उंच झाला होता, हंड्याचं बूड काळंठिक्कर पडलं होतं. पाणी मात्र विहिरीतून आत्ता काढावं तसं.

सासरे आबाजी बाजेवर तंबाखू मळत होते. त्यांना तिनं हाक मारून दाखवलं. म्हाताऱ्याची उमर मेंढरामागं गेलेली, उघड्या माळावर चुली पेटवण्यात गेलेली. त्यांनी हंड्याला टिचकी मारली.

"राप चढलाय बुडाला. दगडानं घासून घ्ये उद्या."

सारजाला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. पाऊण तासानं पुन्हा बोट घातलं तेव्हा पाणी जरा कोमट लागलं, की तिला तसं वाटून घ्यायचं होतं, कुणास ठाऊक. कामं खोळंबली होती. तिनं लेकीला धरलं.

छकुलीची आंघोळ म्हणजे गल्लीला तमाशा. पहिल्या तांब्यालाच तिचा टाहो कालव्यापर्यंत जायचा. त्या दिवशी पोरगी रडली नाही. फ्रॉक काढल्याबरोबर ती आपण होऊन फरशीवर गेली आणि उताणी झोपली. पाय भिंतीकडं, दोन्ही हात अंगालगत, डोळे मिटलेले.

"अगं ऊठ की! झोपतीस काय?" सारजा हसली. पोर हलली नाही. मग सारजानं हसतहसत तशीच तिला चोळली, वरून पाणी ओतलं. बाकी काही का असेना, गप्प तर होती.

२

दुपारी छकुलीला जेवायला उठवायला गेली, तेव्हा सारजाच्या हाताला पहिल्यांदा ते जाणवलं. पोरगी गार होती. ताप नाही, खोकला नाही, अंगावर काटासुद्धा नाही; नुसती गार, कपाळापासून टाचेपर्यंत सारखी.

थंडीचे दिवस आहेत, सारजानं स्वतःला समजावलं. तिनं गोधडी घातली, वर आबाजींचं घोंगडं घातलं, दूध पाजलं. तासाभरानं आत हात घातला. घोंगड्याची आतली बाजूही गार पडली होती.

मग मात्र तिनं पोर उचलली आणि मागल्या चुलीपुढं नेऊन बसवली. चुलीत सकाळचे निखारे होते, तिनं वर तूरकाट्या घातल्या. बघताबघता छकुलीच्या गालावर रंग आला. तिनं डोळे उघडले, "आये, भूक लागली" म्हणाली आणि अख्खी भाकरी खाल्ली. सारजानं देवाचे आभार मानले, तिला उचलून घरात आणलं, आणि उंबरा ओलांडून दहा पावलं झाली नसतील तोच पोरीची मान खांद्यावर कलली.

चुलीपुढं नेलं की पोर जिवंत. घरात आणलं की गार. सारजानं तीनदा करून बघितलं. चौथ्यांदा करायची तिची छाती झाली नाही.

घरातली लोखंडी शेगडी तिनं कोळशानं भरून पोरीच्या उशाशी ठेवली. तिचा काही उपयोग झाला नाही. कोळसा तोच, विस्तव तोच, पण त्याची ऊब पोरीला लागत नव्हती.

आबाजी दारात उभे राहून हे सगळं बघत होते. त्यांची नजर पोरीवरून पुन्हापुन्हा मागल्या छपराकडं जात होती.

३

मल्हार, सारजाचा नवरा, माळेगावच्या कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर होता. हंगामात दोनदोन दिवस घरी यायचा नाही. ती रात्र सारजानं पोरीला घेऊन चुलीपुढंच काढली. सकाळी तो आला तशी गाडीतून उतरायच्या आधीच तिनं त्याच्यापुढं पोर धरली. त्यानं ट्रॉली तिथंच सोडली, गावातली जीप केली आणि तिघं बारामतीला गेली.

लहान मुलांचे डॉक्टर शांत, वयस्क गृहस्थ होते. त्यांनी काखेत थर्मामीटर लावलं, बघितलं, झटकलं, पुन्हा लावलं. मग दुसरं मागवलं.

"त्र्याण्णव," ते म्हणाले. "ही पाण्यात पडली होती का कुठं?"

"न्हाय, साहेब. नुसती आंघूळ घातली."

त्यांनी दाखल करून घेतलं. गरम पाण्याच्या पिशव्या लावल्या, खाटेवर मोठा दिवा लावला, सलाईन तापवून चढवलं. माणसानं माणसासाठी करायचं ते सगळं त्यांनी केलं. दुपारी बाराला ब्याण्णव झालं होतं. दोन वाजता एक्क्याण्णव. डॉक्टर खुर्ची ओढून खाटेशीच बसले होते आणि चष्मा काढून पुन्हापुन्हा पुसत होते.

"पुण्याला न्यावं लागेल," शेवटी ते म्हणाले. "मी चिठ्ठी देतो. वेळ घालवू नका."

जीप सुरू झाली तशी सारजा म्हणाली, "गाडी घराकडं घ्या."

"येड लागलं का तुला?" मल्हार ओरडला.

"पुण्याला पोचायची न्हाय ती. तुमी हात लावून बघा. मी चुलीपुढं तिला बसलेली बघितलीया, हसलेली बघितलीया. हात जोडते मी तुमाला. घराकडं घ्या."

मल्हारनं पोरीच्या छातीवर हात ठेवला. श्वास होता, पण दोन श्वासांत इतकं अंतर होतं की मधल्या वेळात तो घाबरून सारजाकडं बघायचा. त्यानं ड्रायव्हरला घराकडचा, इंदापूरचा रस्ता दाखवला. अंथुर्ण्याच्या पुढं गेल्यावर तो रडायला लागला. सारजाला रडू येत नव्हतं, तिचं सगळं लक्ष मांडीवरच्या श्वासांवर होतं.

उन्हं उतरायच्या आत चुलीत जाळ होता आणि त्याच्यापुढं छकुली पेरूच्या फोडीला मीठ लावून खात होती.

४

"त्या दिशी पाणी कुठं तापवलंतं?"

आबाजींनी हे विचारलं तेव्हा मल्हार लाकडं आणायला गेला होता. सारजाच्या लक्षात आलं नाही. "कंच्या दिशी, मामंजी?"

"हिची आजी गेली त्या दिशी. तिच्या आंघूळीचं."

गेलेल्या माणसाच्या आंघोळीचं पाणी घरच्या चुलीवर तापवत नाहीत. अंगणात तीन दगड मांडतात, त्यावर तापवतात, आणि प्रेत नेलं की ते दगड पाडून दूर टाकून देतात. हे सारजाला ठाऊक होतं. कुणाला ठाऊक नसतं?

पण त्या दिवशी वळवाचा पाऊस कोसळत होता. मल्हार बाहेरगावी, आबाजी भावकीला निरोप धाडायला गेलेले. अंगणातल्या दगडांवर धड धूरसुद्धा निघेना. बाया ओसरीवर खोळंबल्या होत्या, "सारजे, पाणी आण" म्हणत होत्या. एका काडीत चूल पेटवणाऱ्या सारजानं तीन काडेपेट्या वाया घालवल्या होत्या. मग तिनं हंडा उचलला, मागल्या छपरात नेला आणि तिथं पाणी तापवलं. कुणी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी भावकीतल्या पोरांनी अंगणातले तीन दगड रीतसर कालव्यात टाकून दिले. त्या दगडांनी काहीच केलं नव्हतं.

"मला वाटलं, काय हुतंय," सारजा म्हणाली. "मामंजी, मी चुकले. पण असं काय हुतं त्यानं?"

"मला न्हाय ठावं," आबाजी म्हणाले. "आमच्या आईनं एवढंच सांगितलंतं, त्या पाण्याची चूल उभी ठिवायची न्हाय. का, ते तिनं सांगितलं न्हाय. मी इचारलं न्हाय."

ते उठले, गोठ्यातून पहार आणली आणि चुलीच्या उजव्या दगडाखाली घातली. सारजानं छकुलीला छातीशी धरलं. दगड बोटभर सरकला.

छकुलीच्या हातातली पेरूची फोड पडली. तोंड उघडं राहिलं आणि तिचा श्वास आत गेला तो बाहेर आलाच नाही.

"ठिवा! ठिवा दगड माघारी!"

आबाजींनी हातानंच दगड ढकलला. निखारे त्यांच्या बोटांवर पडले. दगड जागेवर बसला तसा पोरीनं खोल, लांब श्वास घेतला, आणि पडलेली फोड उचलून, फुंकून पुन्हा खायला लागली.

म्हातारा भाजलेले हात मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसला. पाडली तर पोर जाते. ठेवली तर पोर हिथंच बसणार, धुरात, जाळापुढं, लाकूड संपेपर्यंत. सारजानं आणखी एक लाकूड चुलीत सारलं.

५

तिसऱ्या दिवशी सकाळी लाकूड संपत आलं. मल्हार ट्रॅक्टर घेऊन बाभळी तोडायला गेला, हाताला फडकी गुंडाळून आबाजीही त्याच्याबरोबर गेले. छकुली चुलीपुढं गोणपाटावर झोपली होती. तिचे डोळे धुरानं लाल झाले होते, ओठ काळवंडले होते. आणि सारजानं बघितलं, झोपेत पोरीनं पाय पुन्हा भिंतीकडं केले होते, हात अंगालगत घेतले होते.

ती भिंत दक्षिणेची होती, मेलेल्या माणसाचे पाय करतात त्या दिशेची. तीन दिवस सारजाच्या डोळ्यांपुढं असून ते आत्ता तिच्या ध्यानात आलं.

तिला राग आला. स्वतःचा आला, पावसाचा आला, ओसरीवर खोळंबलेल्या बायांचा आला. मग सगळा राग ओसरला आणि नुसतं भय उरलं, आपली पोर जाणार याचं. त्या भयानं माणसाला जे सुचतं ते शहाणपणाचं असतं असं नाही. तिला एकच सुचलं.

तिनं हंडा भरून चुलीवर ठेवला. जाळ केला. पाणी तापायची वाट बघितली नाही, ते तापणार नव्हतंच.

"आत्याबाई," ती चुलीकडं तोंड करून गेलेल्या सासूला म्हणाली, "चूक माझी हाय. पोरीनं काय केलंय? तिला सोडा. मी येते."

असं मोठ्यानं बोलल्याची तिला लाजच वाटली. शाळा शिकलेली, सातवीपर्यंतची बाई ती. तरीही तिनं हंडा फरशीपाशी घेतला, लुगड्यासकट फरशीवर उताणी झाली, पाय भिंतीला लावले आणि तांब्या बुडवून छातीवर ओतला.

गारठ्यानं तिचा श्वासच अडकला. तांब्या हातातून सुटला आणि खणखणत लांब गेला. तिनं डोळे मिटून घेतले. उठावं, पुन्हा तांब्या घ्यावा, असं तिच्या मनात होतं.

हंड्यात तांब्या बुडाल्याचा आवाज आला.

पाणी तिच्या कपाळावर पडलं, मग गळ्यावर, मग पोटावर. न सांडता, बेतानं, सवयीच्या हातानं ओतलेलं. सारजानं डोळे उघडले नाहीत. उघडायचे नाहीत एवढंच तिनं धरून ठेवलं होतं. शेवटचं पाणी पावलांवर पडलं आणि आवाज थांबला.

"आये." छकुलीचा आवाज. "आये, मला उकडतंय."

६

पोरगी गोणपाटावर उठून बसली होती. तिनं स्वेटर ओढून काढला, टोपी काढली, आणि चुलीकडं न बघता उन्हात पळाली. सारजा ओलेत्या अंगानं फरशीवर बसून ऐकत होती. अंगणातून कोंबड्यांचा कलकलाट आला. छकुली त्यांच्या मागं लागली होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गार पडून कोसळल्याचा आवाज काही आला नाही. आनंदानं सारजाला हुंदका फुटला.

मग तिला थंडी वाजली. लुगडं ओलं म्हणून असेल, असं म्हणत तिनं ते बदललं. कोरडं लुगडंही अंगाला लागताच गार पडलं. ती अंगणाच्या दिशेनं चार पावलं गेली आणि पोरीसारखीच तिचीही मान कलायला लागली. भिंत धरतधरत ती मागं फिरली आणि चुलीपुढं बसली. जाळाची ऊब लागली तसा जीवात जीव आला.

तिनं दोन्ही हात पुढं केले.

चुलीच्या पलीकडं, धुरात, आणखी दोन हात होते. जाळाकडं तळवे करून धरलेले. फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तसे सुरकुतलेले तळवे, मनगटांवर हिरवं गोंदण, हिरव्या बांगड्या, आणि कोपरांवरून ठिबकणारं पाणी. कोपरांच्या मागं धूर होता. सारजानं त्याहून वर बघितलं नाही.

ते हात जरा बाजूला सरकले. शेजारीण आली की बाई चुलीपुढं जागा करून देते, तसे.

सारजा ओरडली नाही. या हातांनी तिच्या बाळंतपणात तिला न्हाऊमाखू घातलं होतं. वाईट त्यांच्यात काही दिसत नव्हतं. हेच जास्त भयंकर होतं.

बाहेर ट्रॅक्टर थांबला. मल्हारची आरोळी आली, "अगं, ही पळतीया! सारजे, छकुली पळतीया!" त्याचं हसणं आणि रडणं एकदमच चाललं होतं. आबाजींचा आवाज आला, "सोडलं गं बाई पोरीला, सोडलं."

आत्ता सांगावं, सारजाच्या मनात आलं. हाक मारावी आणि सांगावं. पण मल्हारला ती ओळखत होती. ऐकल्याबरोबर तो हंडा चुलीवर चढवून स्वतः फरशीवर आडवा झाला असता. तो नाही तर म्हातारा. मग काहीच सांगू नये. हिवाळाभर चुलीपुढं बसावं, बाईमाणूस चुलीपुढं बसलं तर कोण विचारतंय? लाकूड आहे. पोर डोळ्यांपुढं राहील. तेवढं तरी मिळेल.

"आये!" छकुली छपराच्या दारात आली. गाल लाल झाले होते, हातात कोंबडीचं पीस होतं. "मी बी शेकायला येऊ?"

चुलीपलीकडचे हात पुन्हा हलले. आणखी थोडे सरकले. सारजा आणि ते हात यांच्या मध्ये, लहान मुलाला बसता येईल एवढीच जागा झाली.

"तितंच थांब!" सारजा इतक्या जोरानं ओरडली की पोरगी दारातच दचकून रडायला लागली. मागून मल्हार धावत आला आणि त्यानं तिला कडेवर घेतलं.

"काय झालं गं?"

"काय न्हाय. धूर हाय. तिला लांब न्या. पार मारुतीच्या देवळाकडं न्या तिला, आन् मी बोलावल्याबिगर आणू नगा."

तो हसतच गेला. पोर त्याच्या खांद्यावरून आईकडं बघत होती. ती वळणाआड जाईपर्यंत सारजानं तिला बघून घेतलं.

"मामंजी," ती म्हणाली, "पहार आणा."

आबाजी पहार घेऊनच आले. हाताची फडकी त्यांनी नीट आवळून घेतली. "व्हय, आता भ्या न्हाय. पोरगी सुटली. तू बाजूला हो."

"बाजूला हो म्हणू नगा मला. हितं उबारा हाय, बसू द्या."

त्यांनी उजव्या दगडाखाली पहार घातली आणि तिच्या तोंडाकडं बघितलं. काहीतरी त्यांच्या ध्यानात यायला लागलं होतं, पहार जागीच थांबली.

सारजानं हात पुढं करून पहारीचं दुसरं टोक धरलं आणि सगळा भार त्यावर टाकला.

"तिन्ही पाडा," ती म्हणाली. "एक बी ठिवू नगा."